दह्यातली पोकळी

डेअरीवाल्याने लिटरच्या मापात दही भरलं, वरून पळी फिरवून गुळगुळीत केलं आणि म्हणाला, “घ्या ताई, किलोभर.”

मी ते माझ्या पातेल्यात ओतून तोलायला लावलं. भरलं नऊशे ग्रॅम. मापात दह्याच्या कवड्यांमध्ये नुसती पोकळी होती!

“एवढ्याशासाठी काय भांडता?” तो हसला. रांगेत मागे उभ्या बायकाही हसल्या.

माझं डोकंच फिरलं. उद्याच्या साखरपुड्याच्या ऑर्डरचं श्रीखंड कमी पडलं, तर शब्द माझा जाणार होता. श्रीखंड विकून मी घर उभं केलं, ते अशा पोकळ्या हेरूनच. वरचा गुळगुळीतपणा सगळ्यांना आवडतो. आत काय नाही, हे विचारणारी बाई मात्र भांडकुदळ ठरते.

“हो, भांडतेय. घाल अजून,” मी म्हटलं. काट्याने किलो दाखवेपर्यंत पातेलं हलवलं नाही.