जॉर्ज गवंड्याचा चौथा कोपरा

स्वतःच्या घराच्या भिंतीकडे बघायची जॉर्ज गवंड्याला चोरी झाली होती.

राहुरीच्या पुढं, कालव्याच्या काठावरच्या त्या गावात त्यानं तीस वर्षांत बावीस घरं उभी केली. पाया खणून झाला की घरधन्याला सांगायचा, "मुरूम लागला. आता बिनघोर ऱ्हा." आणि माणूस खरंच बिनघोर राहायचा. त्या भागातली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. तिच्यावर टेकलेलं घर तिच्या मर्जीनं हलतं. म्हणून मुरूम लागेपर्यंत खणायचं, मग पाच फूट लागोत नाहीतर सात. हे पुराण जॉर्जनं गावाला इतक्यांदा ऐकवलं होतं, की त्याच्यासमोर पायाचा विषय काढायला लोक भीत.

आणि आता त्याच्याच घराचा न्हाणीकडचा कोपरा खचत होता. खिडकीपासून छतापर्यंत तिरपी भेग गेलेली. दोनदा सिमेंट भरलं, दोनदा रंग मारला, भेग आपली तिथंच. शेवटी त्यानं कुणाला न सांगता मागच्या बाजूनं, सरपणाच्या आडोशाला, भेगेवर काचेची पट्टी चिकटवली. काच शाबूत राहिली तर भेग जुनी; फुटली तर घर अजून बसतंय. दहाव्या दिवशी काच फुटली. तुकडे त्यानं खिशात टाकले आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं चहा प्यायला आत गेला.

कारण त्याला पुरतं ठाऊक होतं. सत्तावीस वर्षांपूर्वी या घराचे तीन कोपरे मुरमाला टेकले, आणि चौथा खणताना कालव्याला पाणी सुटलं. पाझरानं चर भरला. दुसऱ्याचं घर असतं तर चर वाळेपर्यंत तो महिनाभर थांबला असता, वर घरधन्याला दटावलंही असतं. पण बायकोला, मरियमला, नववा महिना लागलेला आणि भाड्याची खोली रिकामी करायची होती. त्यानं तीन फुटांवरच दगड टाकले. मरियमला म्हणाला, मुरूम लागला.

तेव्हा पोटात असलेल्या जॉयचं आता लग्न ठरलं होतं, आणि त्याला वर एक खोली चढवायची होती. खचत्या कोपऱ्यावर मजला! बोलावं, तर बावीस घरांत जॉर्जच्या शब्दाची माती होणार. गप्प बसावं, तर पोरगा आणि येणारी सून शॅरन त्या भिंतींत झोपणार. महिनाभर त्याला जेवण गोड लागलं नाही.

जॉय शिर्डीच्या एका लॉजवर कामाला होता. तिथली खचलेली फरशी पंपानं खाली फुगणारं केमिकल सोडून उचलली होती, ते त्यानं पाहिलं होतं. "पप्पा, भोकं पाडायची, केमिकल सोडायचं, दोन दिवसांत काम. खोदाखोदी नाही."

खोदाखोदी नाही, हे ऐकून जॉर्जला इतकं बरं वाटलं, की त्याची त्यालाच लाज वाटली.

पण जॉयनं आधी राहुरीहून इंजिनियर बोलावली. सायली नावाची तरुण मुलगी होती. तिनं भेग मोजली, न्हाणीचं पाणी कुठं मुरतं ते पाहिलं आणि म्हणाली, "पाया मुरमावर असेल आणि पाण्यानं आतला भराव वाहून पोकळी झाली असेल, तर केमिकल चालेल. खाली काळी माती असेल, तर पैसे पाण्यात. मग पायाखालून तीन-तीन फुटांचा तुकडा खणत मुरमापर्यंत जायचं आणि काँक्रीट भरत वर यायचं. काका, पाया तुम्हीच घातलाय ना? इथं किती खोल आहे?"

शेजारची छबूबाई कुंपणाला टेकून ऐकत होती. या घराच्या पुढच्याच वर्षी तिचंही घर जॉर्जनं बांधलेलं.

जॉयनंच उत्तर दिलं, तेही अभिमानानं. "मुरमावर आहे, मॅडम. पप्पांचा पाया आहे."

"मग प्रश्नच मिटला. केमिकल सोडू, वर मजलाही चालेल." ती वहीत लिहायला लागली.

जॉर्जला आता नुसतं गप्प राहायचं होतं, बस्स.

"लिहू नका, बाई," तो म्हणाला. "तीन फूट हाय. खाली काळीच हाय. मुरूम लागलाच न्हवता. मी खोटं बोललो."

चहा घेऊन आलेल्या मरियमनं ट्रे खाली ठेवला. "मला तरी सांगायचं हुतं."

"तुला नववा हुता."

बापाकडे बघायचं टाळून जॉय भेगेकडे बघत राहिला. सायलीनं लिहिलेलं खोडलं. आधी न्हाणीचं पाणी लांब काढा, मग तुकड्या-तुकड्यानं खणायचं, आणि ते होईपर्यंत मजल्याचं नाव काढायचं नाही, असं तिनं बजावलं.

मग कुंपणापलीकडून आवाज आला. "जॉर्जभाऊ, माझ्या घराचा पाया किती खोल हाय?"

"साडेपाच फूट. चारी कोपरे मुरमावर, छबूबाई. माझाच तेवढा एक राह्यला."

हे अगदी खरं होतं. छबूबाईनं आधी त्याच्या भिंतीतल्या भेगेकडे, मग स्वतःच्या घराकडे बघितलं.

"आसंल," ती म्हणाली. "पन एक कोपरा उकरून दावा."

तीस वर्षांत कुणी त्याला दाखवायला सांगितलं नव्हतं. घर पडलं असतं तरी त्याला इतकं लागलं नसतं. "दावतो," तो म्हणाला, आणि कुदळ घेऊन तिच्या अंगणाकडे निघाला. तिच्या पलीकडच्या, जॉर्जनंच बांधलेल्या दोन घरांतली माणसंही तोवर दारात येऊन उभी राहिली होती.