‘हो’ दाबत जा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण — कारण काय, ते माझं मलाच नीट ठाऊक नाही.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. चंद्रपूरला विड्यांसाठीच्या तेंदूपत्त्याच्या एका व्यापाऱ्याकडे मी कॉम्प्युटरचं काम बघायचो. लिलावाआधी कुठल्या जंगलाला काय भाव भरायचा, ते आकडे एटापल्लीच्या ऑफिसातून यायचे. वाटेत ते कुणी वाचू नयेत म्हणून प्रोग्रॅम लिहिला होता — मीच! काय ताठ मानेनं फिरायचो तेव्हा! एटापल्लीला तो चालवायचा रफीक. तिथल्याच एका शिंप्याचा मुलगा. मला भाऊ म्हणायचा, आणि मी म्हणेन ते खरं मानायचा.

पहिल्या दिवसापासून त्याच्या पडद्यावर इशारा यायचा, ‘सर्व्हरची ओळख पटत नाही. पुढे जायचं?’ खाली ‘हो’ आणि ‘नाही’. सर्व्हर म्हणजे चंद्रपूरचा आमचा मुख्य कॉम्प्युटर. माझ्या पडद्यावर तो इशारा कधीच येत नसे. मग दोष कुणाचा? अर्थात एटापल्लीचा!

‘‘भाऊ, हे रोजच येऊन राह्यलं. काय करू?’’ त्यानं फोनवर विचारलं.

‘‘‘हो’ दाबत जा. काई होत नाई,’’ मी म्हणालो. जेवायची घाई होती.

त्या हंगामात आमचे भाव फुटले. दुसरा एक व्यापारी प्रत्येक ठिकाणी आमच्या जरासाच वर. शेठनं मला एटापल्लीला पाठवलं. रफीकच्या खुर्चीत बसलो, आणि तासाभरात चूक सापडली — माझीच.

सर्व्हरनं ओळख देताना आपलं सर्टिफिकेट दाखवायचं असतं, आणि त्यावर सही करणाऱ्या मधल्या संस्थेचंही. त्या मधल्या संस्थेची हमी घेणारी मोठी संस्था कॉम्प्युटरला आधीच माहीत असते. सोयरीक जुळवताना मधला माणूस लागतो, तसंच हे. ते मधलं सर्टिफिकेट मी सर्व्हरवर ठेवायलाच विसरलो होतो. माझ्या कॉम्प्युटरवर ते आधीच्या कुठल्याशा कामातून पडून होतं, म्हणून माझं सुरळीत चालायचं. रफीकचा कॉम्प्युटर नवा कोरा. बिचारा खरं तेच सांगत होता.

पण एवढ्यावर थांबलं असतं तर! ऑफिसचं इंटरनेट शेजारच्या कॅफेतून घेतलेलं. कॅफेवाल्यानं मध्ये आपला कॉम्प्युटर बसवून आमच्या सर्व्हरचं सोंग घेतलं होतं. आकडे वाचून तो त्या दुसऱ्या व्यापाऱ्याला पोचवत असणार. रफीकनं मान्य केलेल्या सर्टिफिकेटांत त्याचंही खोटं सर्टिफिकेट होतं. इशारा आला असणारच — पण तो तर रोजच यायचा. खऱ्याला ‘हो’ आणि खोट्यालाही ‘हो’. त्याला फरक कसा कळावा?

ते खोटं सर्टिफिकेट मी डोळ्यांनी पाहिलं. आणि — हो, पुसून टाकलं. रफीकच्या बाजूचा तेवढाच पुरावा होता तो.

चंद्रपूरला शेठनं दोघांना समोर बसवलं. रफीक म्हणाला, ‘‘भाऊनंच सांगतलं होतं, ‘हो’ दाबत जा म्हणून.’’ आणि माझ्याकडे बघून हसला. आता भाऊ सांगतीलच, असं.

मी म्हणालो, ‘‘मी असं कशाला सांगेन?’’

त्याचं हसू लगेच गेलं नाही. मी काय बोललो ते समजायलाच त्याला वेळ लागला. ते मला अजून सहन होत नाही. विश्वासघात झालेला माणूस ओरडतो, अंगावर येतो, असं वाटत होतं मला. त्यानं खिशातून ऑफिसची किल्ली काढून शेठच्या टेबलावर ठेवली. फितूर म्हणून त्याला काढलं. एटापल्ली ती केवढी — त्याच्या वडिलांकडे कपडे टाकणंही लोकांनी कमी केलं.

तो गेल्यावर मी कॅफेचं इंटरनेट बंद करून दुसरं घेतलं, आणि सर्व्हरवर मधलं सर्टिफिकेट जोडलं. किरकोळ काम होतं. नव्या माणसाला इशारा कधी दिसलाच नाही. शेठ म्हणाले, बघा, रफीक गेला आणि सगळं सुधारलं. मी मान डोलावली.

काही महिन्यांनी रफीकचा फोन आला. शिव्या देईल असं वाटलं. द्याव्यात, असंही वाटलं.

‘‘भाऊ, मी लय इचार केला,’’ तो म्हणाला. ‘‘तुमी खोटं काऊन बोलान? तुमी सांगतलंच नसन. मीच आपल्या मनानं दाबत गेलो असन. तसंच ना?’’

‘‘तसंच असन, रफीक.’’

‘‘मंग माफ करजा भाऊ. त्या दिशी शेठसमोर उगाच तुमचं नाव घेतलं,’’ तो म्हणाला, आणि फोन ठेवला.