आधी चहा, मग जाहिरात

आमच्या सेलूच्या संपादकांइतका प्रामाणिक माणूस मी आयुष्यात पाहिला नाही, आणि इतका तापदायक माणूसही नाही. त्यांचं चार पानांचं साप्ताहिक दर गुरुवारी निघायचं. संपादक तेच, छपाईचे खिळे जुळवणारे तेच, पायानं मशीन मारणारे तेच आणि एसटी स्टँडवर उभं राहून अंक विकणारेही तेच. विकतानाही त्यांना खोटं बोलवायचं नाही. गिऱ्हाइकाला सांगायचे, "तिसरं पान जरा हलकं हाय आज. पण पहिलं वाचा."

त्यांचा एक नियम होता. स्वतः वापरून बघितल्याबिगर कशाचीच जाहिरात छापायची नाही. कापड दुकानदारानं दिवाळीची जाहिरात दिली, तर यांनी आधी त्याच दुकानातून शर्टाचं कापड आणलं आणि ते धुवायला काढलं. दुकानदार तिसऱ्यांदा विचारायला आला तेव्हा कापड दोरीवर वाळत होतं. "रंग बघायलोय," हे शांतपणे म्हणाले. रंग पक्का निघाला, पण तोवर भाऊबीज झाली होती. सायकलवाल्याची जाहिरात आली तर त्याचीच सायकल घेऊन हे देवगाव फाट्यापर्यंत जाऊन आले, आणि 'जाताना सुख वाटले, येताना चेन दोनदा पडली' असं चौकटीत छापून मोकळे झाले. स्टँडसमोरच्या हॉटेलची जाहिरात यायची होती, तर आठवडाभर रोज तिथं जाऊन बसले. गुरुवारी छापून आलं, 'भजी उत्तम. चहा पाणचट.' हॉटेलवाला अंक हातात घेऊन प्रेसमध्ये आला.

"अण्णा, जाहिरात माझी अन् बदनामीबी माझीच?"

"चहा पाणचट हाय का न्हाई?"

"हाय थोडा."

"मग दूध वाढवा. पुढच्या गुरुवारी बदलून टाकतो."

पुढच्या अंकात खरंच आलं, 'चहा सुधारला आहे.' त्या दिवशी हॉटेलात बसायला बाकडं उरलं नाही. सुधारलाय का नाही हे बघायला निम्मं गाव लोटलं होतं.

बातमीचीही तीच तऱ्हा. मी बी.ए. झालो. माझ्या वडिलांनी जन्मभर मेंढरं राखली; आमच्या सात पिढ्यांत कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, हे मी आजही ताठ मानेनं सांगतो. पेढे घेऊन प्रेसमध्ये गेलो तर म्हणाले, "पेढे ठेवा तिकडं. गुणपत्रिका दावा." ती चष्मा पुसून दोनदा वाचली, आणि छापलं, 'तिसऱ्या श्रेणीत उत्तीर्ण, परंतु कॉपी न करता. तशी चौकशी केली आहे.' त्या दिवसापासून मला ते 'पदवीधर' म्हणू लागले. "या पदवीधर, जरा प्रुफं बघा." नोकरी नव्हती, म्हणून मी बघत बसलो आणि त्यांच्यामागं बाजारात जाहिरातींसाठी हिंडत राहिलो.

विद्यापीठाच्या नामांतराच्या तापलेल्या दिवसांत एकदा पालमकडच्या एका गावाबद्दल भलतंसलतं कानावर आलं. इकडं सेलूत दोन्हीकडची माणसं चौकात जमायला लागली. "आजच छापा," म्हणून काहीजण दारात उभे राहिले. हे पिशवी घेऊन निघाले, तीन गाड्या बदलून त्या गावी पोचले, दुसऱ्या दिवशी परत आले आणि हातभर कागद छापून स्टँडवर वाटला, 'तेथे काहीही झालेले नाही. मी स्वतः जाऊन आलो. ज्वारीची काढणी चालू आहे.' चौक रिकामा झाला. दोन्हीकडचे लोक महिनाभर त्यांच्यावर रुसून होते.

पुढं मोठ्या शहरातल्या एका दैनिकानं आमच्या जिल्ह्यासाठी वेगळं पान सुरू करायचं ठरवलं. गुळगुळीत छपाई, फोटो, आणि रोज सकाळी दारात. त्यांना सेलूत वार्ताहर पाहिजे होता, आणि त्यानं पहिल्या अंकासाठी जाहिराती आणायच्या होत्या. मी हो म्हणालो. दिवस दिवाळीचे होते. संपादकांच्या दिवाळी अंकाच्या जाहिरातींवर त्यांचं साप्ताहिक वर्षभर चालायचं, आणि त्या कोणकोणत्या दुकानांतून येतात ते मला पाठ होतं. त्यांच्या आधी दोन दिवस मी त्याच दुकानांच्या पायऱ्या चढलो. कुठं कापड धुतलं नाही, कुठं सायकल चालवली नाही. हॉटेलवाल्यानं स्वतःचा फोटो काढून दिला आणि विचारलं, "चहा न्हाई प्यायचा का?" मी म्हणालो, "गरज नाही."

नंतर संपादक बाजारात फिरले. प्रत्येक दुकानात एकच उत्तर मिळालं, "दिली की अण्णा, तुमच्याच पदवीधरानं नेली. आमाला वाटलं तुमीच पाठवलं."

ते भांडायला आले असते तर बरं झालं असतं. आठ दिवसांनी दैनिकाच्या सेलूतल्या कचेरीत माझ्या टेबलाशी आले, कागद पुढं ठेवला. 'साप्ताहिक बंद केले आहे. वर्गणीदारांनी गुरुवारी वाट पाहू नये.'

"तुमच्या पानात लावा. अन् छापायच्या आधी प्रेसवर येऊन बघून जावा, खरंच बंद झालंय का."

"तुमच्या शब्दावर छापतो ना अण्णा."

"माझ्या शब्दावरबी छापायचं न्हाई. एवढंच तर शिकवलं तुमाला."

मी गेलो नाही. काम फार होतं असं तेव्हा सांगायचो. खरं तर ते थांबलेलं मशीन बघायची छाती नव्हती. निवेदन तसंच छापलं, एका कोपऱ्यात.

ज्या पानासाठी हे केलं, ते पानही आता उरलं नाही. जाहिराती फोनमध्ये गेल्या, बातम्या त्यांच्यामागं गेल्या. दिवसभर फोन सांगत असतो, हे घ्या, ते घ्या, अमक्या गावात असं झालं. पाठवणाऱ्याला विचारावं, तर त्यालाही कुणीतरी पाठवलेलं असतं. मला राग येतो, पण रागवायचा हक्क मी फार पूर्वीच घालवला.

ते पान जोरात चालू होतं तेव्हा, नामांतर झालं त्या वर्षी, संपादक मला पूर्णा स्टेशनवर भेटले होते. मुलीकडं राहायला आले होते. जावई रेल्वेत होता. बाकावर बसून आमचंच दैनिक वाचत होते.

"तुमचं पान रोज वाचतो मी, पदवीधर."

"कसं वाटतं अण्णा?"

त्यांनी पान डोळ्यांपासून जरा लांब धरलं. "छपाई लय सुंदर हाय. फोटोतला माणूस वळखू येतो."

मी तसाच उभा राहिलो, बातम्यांबद्दल काही बोलतील म्हणून. त्यांनी पेपरची नीट घडी घातली, बगलेत धरली आणि रुळांकडं बघत म्हणाले, "जावा. गाडी लागली तुमची."