शीअर्समधली तुळई

बेरिल हॅदर्ली लग्न होऊन 'शीअर्स'मध्ये आली तेव्हा चोवीस वर्षांची होती. त्या पबच्या दारातून शेवटची बाहेर पडली तेव्हा त्र्याहत्तर. मधल्या काळात ती तिथून तीनदाच बाहेर राहिली: दोन बाळंतपणं आणि एक गुडघ्याचं ऑपरेशन.

मार्टलफर्डमध्ये कुणालाही विचारलं, शीअर्स किती जुना, तर तो म्हणे, पंधराशे त्र्याऐंशीचा. शेकोटीच्या वर काळीभोर तुळई होती आणि तिच्यावर तो आकडा कोरलेला होता. लोकरीचे व्यापारी इथे मुक्काम करायचे, मेंढ्या कातरायच्या कात्र्या या तुळईला टांगायचे, म्हणून पबचं नाव शीअर्स. ग्लास पुसता पुसता बेरिल ही गोष्ट पाहुण्यांना सांगायची. चाळीसएक वर्षं सांगून सांगून गोष्टीला मुळं फुटली होती. लहानपणी मीही त्या तुळईला घाबरत घाबरत हात लावला आहे.

मग इमारतीच्या मालक कंपनीने ती विकायला काढली. घेणाऱ्याला आत सहा फ्लॅट करायचे होते. पब वाचवायची एकच वाट होती. सरकारच्या जुन्या वास्तूंच्या यादीत शीअर्सचं नाव लागलं, तर आतल्या एका खिळ्यालाही हात लावता येणार नव्हता. अर्जावर गावातल्या तीनशे माणसांनी सह्या केल्या. फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी तपासणीला सरकारी खात्याच्या थ्वेटबाई आल्या.

बेरिलने सकाळी आठलाच शेकोटी पेटवली होती. बिअरचे पितळी नळ चकचकीत केले होते. पब बारा वाजता उघडायचा, पण निवृत्त सिग्नलमन नॉरिस अकरापासून आपल्या खुर्चीत बसला होता. साक्षीदार म्हणून, असं त्याचं म्हणणं. मीही होते, अर्ज मीच लिहिला होता.

"बाई, आधी हिच्याकडून लोकरवाल्यांची गोष्ट ऐका," नॉरिस म्हणाला. "मग कुठे टॉर्च मारायचा तो मारा."

"तू तुझ्या ग्लासाकडे बघ," बेरिल म्हणाली.

थ्वेटबाईंनी गोष्ट ऐकली. मग खुर्चीवर चढून त्यांनी तुळईवर बोटाच्या पेराने टकटक केलं. रिकाम्या खोक्यासारखा आवाज आला. नॉरिसने ग्लासात तोंड घातलं.

"हे प्लास्टिक आहे, मिसेस हॅदर्ली."

"हो. माझ्या नवऱ्याने बसवली, चौऱ्याहत्तर साली. तेव्हा सगळेच बसवत होते. लोकांना जुनं हवं होतं."

"आणि हे साल?"

"आमचा टेलिफोन नंबर. मार्टलफर्ड १५८३. सेड्रिकला पाठ असलेला तेवढा एकच आकडा."

थ्वेटबाई हसल्या आणि लगेच थांबल्या. खाली उतरताना त्यांची नजर बारमागच्या फोटोवर गेली. एकसष्ट सालचा डार्ट्सचा संघ, हातात चषक. पण थ्वेटबाई माणसांकडे बघतच नव्हत्या. माणसांच्या मागे काळ्या लाकडाची आडभिंत होती, वर रंगीत काचा, मध्ये हातभर खिडकी.

"हे कुठलं?"

"इथलंच. तुम्ही उभ्या आहात तिथलं."

"मग ती भिंत कुठे आहे?" पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला होता.

"माळ्यावर असेल," नॉरिस घाईघाईने म्हणाला. "तिथे बरंच सामान आहे."

"माळ्यावर काही नाही," बेरिल म्हणाली. "जाळली."

त्या भिंतीआड बायकांची खोली होती. पबमध्ये आलेल्या बाईने तिथे बसायचं, खिडकीतून हात घालून ग्लास घ्यायचा. पुरुषांना ती दिसायची नाही. बेरिलची सासू त्या खोलीत आयुष्यभर बसली. दिवसभर नळ ओढून झाल्यावर बेरिलनेही तिथेच जाऊन आपली काळी बिअर प्यायची आणि पलीकडचं हसणं ऐकायचं. चार वर्षं तिने ऐकलं. मग नवऱ्याला म्हणाली, भिंत जाईल नाहीतर मी जाईन. पाच नोव्हेंबरला इंग्लंडभर गावोगाव होळ्या पेटतात, सेड्रिकने त्या वर्षीच्या गावच्या होळीला ती अख्खी भिंत दिली. काचा तडातड फुटल्या, बेरिलने टाळ्या वाजवल्या. भिंतीबरोबर गेलेलं जुनेपण परत आणायला महिन्याभरात तुळई आली.

"अख्ख्या परगण्यात अशा तीनच उरल्यात," थ्वेटबाई हळूच म्हणाल्या. "ती असती तर..."

"तुम्ही बसला असतात तिच्याआड?"

थ्वेटबाईंनी वही मिटली. "एकदा. बघायला म्हणून."

एप्रिलमध्ये पत्र आलं. बेरिलचा चष्मा सापडेना, म्हणून नॉरिसने मोठ्याने वाचलं. इमारतीच्या अंतर्भागात मूळ स्वरूपातलं काहीही शिल्लक नाही.

"आपण आहोत की," नॉरिस म्हणाला.

"आपण कुठले मूळ? तुझा खुबा स्टीलचा, माझा गुडघा प्लास्टिकचा."

तो हसला नाही. "एवढं खरं सांगायची काय गरज होती?"

"तिने ठोकून पाहिलं होतं, नॉरिस."

"भिंतीचं म्हणतोय मी."

काउंटर आधीच पुसलेला होता, तो तिने परत पुसला.

जूनमधल्या शेवटच्या रविवारी शीअर्स बंद झाला. सह्या तीनशे होत्या, आले एकोणीस जण. काहींनी रविवारचं नेहमीचं भाजलेलं मांस मागितलं, पण ते दोन वाजताच संपलं होतं. तिने सवयीने अंदाज केला होता, आणि हल्लीची सवय बारा माणसांची होती.

पुढच्या आठवड्यात तोडकाम सुरू झालं तेव्हा बेरिल तुळई मागायला गेली. दोन कामगार उचलायला पुढे झाले. चार स्क्रू काढल्यावर ती एकाच्याच हातात आली. बेरिलने ती काखेत घेतली आणि भर बाजारातून चालत गेली. आठ फूट लांब तुळई एक म्हातारी काखेत घेऊन चालली होती, आणि तिला फक्त वळणावर थांबावं लागत होतं.

बायपासजवळच्या तिच्या एका खोलीच्या घरात तुळई मावली नाही. ती बाहेर खिडकीखाली ठेवली आहे. नॉरिस दोनदा येऊन गेला. दोन बस बदलाव्या लागतात, म्हणून तिसऱ्यांदा आला नाही. मी जाते तेव्हा बेरिल चहा करते. कधी भिंतीचा विषय निघतो, आणि ती म्हणते की आजही तिने ती जाळलीच असती. मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहते.

खाली तुळई पावसात पडलेली असते. लाकडाची असती तर एव्हाना कुजली असती.