कला शाखा

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मी बी.ए. झाले, आणि हे मी कुठेही मान वर करून सांगते. फक्त कुणी विचारलं की आर्ट्सच का घेतलंत, तर मी विषय बदलते. आर्ट्स मी घेतलं नाही. ते मला बाबांनी आणून दिलं.

दहावीच्या वर्षी चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत मला ए ग्रेड मिळाली. शाळेतले ड्रॉइंगचे सर बाबांना भेटायला थेट त्यांच्या कामावर, मिठागरावर गेले. "हिला कलेचं शिक्षण द्या," एवढंच सांगून आले. मुंबईच्या चित्रकला महाविद्यालयाबद्दल मला मात्र ते वर्षभर सांगत होते. मोठाल्या खिडक्यांचे वर्ग, मध्ये बसवलेला माणूस, त्याच्याकडे बघून काढायचं, चुकलं की कुणीतरी मागून येऊन दाखवणार. बाबांना हे सगळं सांगायची गरज त्यांना वाटली नसावी. कलेचं शिक्षण म्हटलं की कुणालाही कळतं, असं त्यांना वाटलं.

निकालानंतर मी मामाकडे राहायला गेले होते. परत आले तर आई दारातच पेढा घेऊन उभी. बाबा लग्नाकार्याचा पांढरा सदरा घालून ओटीवर बसलेले.

"झालं तुजं काम," ते बोलले. "पनवेलच्या कालेजात जाऊन नाव घालून आलो. खिडकीवर सांगितलं, पोरीला कलेला घालायची हाय. तो बोलला, कला शाखा ना, हीच. मी परत इचारलं, कलाच ना? तर हसला. बोलला, कलाच बाबा. आता मुंबयला कशाला जाशील? कला हितंच हाय."

मला तिथेच कळलं. कला शाखेत इतिहास असतो, अर्थशास्त्र असतं, राज्यशास्त्र असतं. चित्र नसतं.

"हीच कला होती ना गं?" आईने हळूच विचारलं. माझ्या तोंडावर तिला काहीतरी दिसलं असणार.

"हीच," मी म्हणाले, आणि पेढा तोंडात टाकला.

सरांना सांगितलं तेव्हा ते चप्पल घालून निघालेच. "अजून वेळ आहे. मी बोलतो त्यांच्याशी. साधी चूक आहे ती."

"नको सर."

"अगं, वेडी आहेस का?"

"ते आयुष्यात पहिल्यांदा कुठल्या ऑफिसात कुणाला बरोबर न घेता गेले होते. परत जायचे नाहीत."

सर चप्पल काढून बसले. म्हणाले, "तसं बघितलं तर कलाकार व्हायला कॉलेज लागतंच असं नाही. कला रक्तात असावी लागते." ते माझ्याकडे बघत नव्हते. मला ते पटलं नाही, पण खरं असलं तर फार बरं होईल असं वाटलं, आणि त्या वाटण्यावर मी पाच वर्षं काढली.

पुढे हे वाक्य मी खूप जणांकडून ऐकलं. शिकलेल्या, चांगल्या माणसांकडून. मला एकच विचारायचं असतं. माझ्या चुलतभावाला बी.कॉम.ला घालताना कुणी का नाही म्हणालं, की हिशेब रक्तात असावा लागतो?

मी रोज कॉलेजला जायचे, आणि रोज संध्याकाळी बाबा विचारायचे, "आज काय काढलंत?" मग मी काहीतरी काढून ठेवायला लागले. पुलाच्या कठड्यावर बसलेली माणसं, नवीन पनवेलच्या अर्ध्या उभ्या बिल्डिंगी, आमची बैलजोडी. चेहरे जमायचे. बैल तर छानच जमायचे. हात जमत नव्हते. माणसाचा हात काढला की तो हातमोज्यासारखा दिसायचा, आणि का दिसतो ते सांगणारं कुणी नव्हतं. आईला समोर बसवलं.

"आई, हात हलवू नको."

"मंग भाकऱ्या काय तुजं कालेज थापंल?"

एकदा मी कंटाळून कागद चुलीत घातला, तर तिने तो अर्धा जळालेला बाहेर ओढला आणि फुंकर मारून मला परत दिला. मी शंभर वेळा तोच चुकीचा हात काढला. सरावाने चूकसुद्धा पक्की होते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

बी.ए.चा निकाल लागला त्याच उन्हाळ्यात विचुंब्याला आत्याच्या मुलाचं लग्न निघालं. आमच्याकडे लग्नघराची पुढची भिंत रंगवून घेतात. त्यासाठी पेंटर बोलावतात. बाबा आत्याला बोलले, "पेंटर कशाला? माजी पोर कलेत पास झाली हाय. ती काढंल."

मी भिंत रंगवली. दाराच्या वर कॅलेंडरवरून उतरवलेला गणपती, दोन्ही बाजूंना ओवाळणाऱ्या दोन बायका. चेहरे मन लावून केले, नऊवारीच्या निऱ्या मोजून केल्या. हात मात्र पदराखाली घेतले. ताटं नुसतीच पदरावर टेकवली.

हळदीच्या दिवशी अंगण माणसांनी भरलेलं. आत्याचा जावई भिंतीसमोर उभा राहिला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "गणपतीला चार हात, आणि यांना एक पण नाय? कामाला कंटाळल्या वाटतं बाया."

लोक हसले. चेष्टा चांगली होती, मलाही दुसऱ्या कुठल्या भिंतीवर हसू आलं असतं.

बाबा हसले नाहीत. ते जावयाच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि भिंतीकडे बघत बोलले, "पाव्हणं, ती कालेजातली पद्धत हाय. तुमाला नाय कळायची. पाच वर्षं शिकलीय ती." मग माझ्याकडे वळले. अंगणातली सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. "सांग बाय त्यांना. शिकल्याबिगर येतं का असं?"

"नाय येत, बाबा," मी म्हणाले.