लाल रिबीन

माझी मुलगी सध्या उत्तर ध्रुवाजवळच्या एका बेटावर कचरा उचलते. चांगली एम.एस्सी. झालेली पोरगी, आणि काम काय, तर जिथे माणूस राहत नाही अशा किनाऱ्याला लागलेलं प्लास्टिक गोळा करायचं. परवा व्हिडिओ कॉलवर तिने ढीग दाखवला. जाळ्यांचे गुंते, बूट, बाटल्या, पिशव्या. मी इथे आखातात, डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या बाल्कनीत घाम पुसत बघत होतो. खरं सांगतो, माझी नजर त्या पिशव्यांवरून हटेना. मला इथली देऱ्याची खाडी आठवली.

तेव्हा ती तिसरीत होती, ऊद मेथाच्या शाळेत. आमचा दीड दिवसाचा गणपती. मूर्ती शाडूची, तिचं विसर्जन घरीच बादलीत. अडायचं ते निर्माल्यापाशी. देवाची फुलं कचऱ्याच्या डब्यात? छे, माझा हातच धजायचा नाही. मग मी दुर्वा, झेंडू सगळं सुपरमार्केटच्या पिशवीत भरून गच्च गाठ मारायचो. टॅक्सीत पिशवी मांडीवर घ्यायचा मान लेकीचा. धक्क्यावर लाकडी गलबतांच्या आडोशाला, इकडेतिकडे बघत, मी ती हळूच पाण्यात सोडायचो. पिशवीसकट! हात जोडले की खलास. मग मी, बायको आणि ही, आम्ही तिघं कठड्यावर बसून इथला वेलदोड्याचा करक चहा प्यायचो, आणि हिची बडबड सुरू असायची. ते दिवस आठवले की अजून गलबलतं.

त्या वर्षी ही शाळेतून तशीच आली होती, दोन वेण्या, लाल रिबिनी. पिशवी सोडली आणि ही तिथेच थबकली. इंग्रजीत म्हणाली की बुडत नाहीये, तरंगतेय, परत काढ. मी म्हटलं समुद्र बघून घेईल, यल्ला, चल. हलेना, तेव्हा दंडाला धरून ओढत आणली. घरी बघतो तर एका वेणीची रिबीन गायब. मी आधीच तापलेलो, वस्तू सांभाळता येत नाहीत म्हणून तिला वाट्टेल तसं बोललो. पुढल्या वर्षापासून ती धक्क्यावर आली नाही. मीही हट्टी, कधी विचारलं नाही. चहा नंतर आम्ही दोघंच प्यायचो.

इतकी वर्षं ते मनात सलत होतं. परवा त्या ढिगाकडे बघता बघता मला राहवलं नाही.

"बाळा, त्या दिवशी माझं चुकलं. तू बरोबर होतीस," मी म्हटलं.

कुठला दिवस, हे तिने विचारलं नाही. हातमोजे काढले, नाक पुसलं.

"बाबा, रिबीन हरवली नव्हती. टॅक्सीत मीच ती पिशवीला बांधली होती."

"कशाला?"

"कुठे किनाऱ्याला लागली तर आपली ओळखता यावी म्हणून. आपली आपण उचलायची ना." मग म्हणाली, "आय स्टिल चेक, बाबा. प्रत्येक पिशवीची गाठ बघते."

मागून कोणीतरी तिला हाक मारली. तिने हातमोजे चढवले, यल्ला बाय म्हणाली आणि पुन्हा खाली वाकली. फोन बंद करायला ती विसरली होती. मी ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिलो.