सातवीतला पंखा

शाळेचं काम आलं की मी आधी नाहीच म्हणतो. मग जातो. सेलूत माझं वायरिंगचं लहानसं दुकान आहे आणि आजूबाजूच्या गावांतल्या काही शाळांची किरकोळ कामं माझ्याकडे असतात. किरकोळ म्हणजे चारचौघांत सांगायलाही लाज वाटावी इतकी. प्लगच्या भोकात पेनाची रिफिल अडकली, ती काढा. बटण पोरांनी आत ढकललं, ते बाहेर आणा. बाकावर चढून कोणीतरी पंख्याची पाती वर वळवली आणि त्याचं पार कमळ करून ठेवलं, ते सरळ करा. एका शाळेत ट्यूबलाइटच्या पट्टीवर चिमणीनं घरटं केलं होतं. तिथल्या बाई म्हणाल्या, ट्यूब बदला, पण घरट्याला धक्का लागू देऊ नका. मी म्हटलं, मग चिमणीलाच सांगा बदलायला. बाई हसल्या नाहीत. ट्यूब मी बदलली, घरट्याला धक्का न लावता, आणि घरी येऊन बायकोवर चिडलो.

आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की शाळेला, देवळाला, विहाराला पंखा द्यायची पद्धत आहे. नुसता पंखा नाही, त्यावर पेंटरकडून लिहून घेतात. पाती तीन, म्हणून मजकूरही तीन ठिकाणी वाटलेला. एका पात्यावर गेलेल्याचं नाव, दुसऱ्यावर 'स्मरणार्थ', तिसऱ्यावर देणारा कोण ते. सगळं लाल रंगात. मला हा प्रकार पहिल्यापासून येडपटपणाचा वाटत आला. पंखा फिरायला लागला की त्यातलं एक अक्षर दिसत नाही आणि बंद असला तर वर मान करून कोण बघतं? नावच लावायचं तर भिंतीवर लावा ना. पण माझं मत कोणी विचारत नाही, मला फक्त हूक मजबूत आहे का ते विचारतात.

मागच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी एका शाळेत वरच्या ऑफिसातून नवे पंखे आले. मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. प्रत्येक हुकाला नवा पंखा लागला पाहिजे, प्रत्येक खोलीचा फोटो वर पाठवायचा आहे, जुने सगळे उतरवून कोठीत टाका, त्यांचा पुढं भंगारात लिलाव होईल, असं त्यांनी सांगितलं. सर माणूस वाईट नाही. पण फोटो पाठवायचा म्हटलं की त्यांना घाम फुटतो.

सातवीच्या वर्गात घोडा लावून मी वर चढलो, तोच खिचडी शिजवणारी बाई पदराला हात पुसत दारात आली. शाळेतली पोरं तिला मावशी म्हणतात. तिची एकुलती एक पोरगी याच वर्गात शिकायची. सातवीत असतानाच तापानं गेली. त्यानंतर बाईनं हा पंखा आणून दिला. तिसऱ्या पात्यावर नुसतं 'आई' लिहिलेलं. हे सगळं गावाला माहीत होतं, मलाही होतं. ती म्हणाली, एवढा एक राहू द्या. मी म्हटलं, माझ्या हातात काही नाही, सरांना विचारा. ती सरांकडे गेली. थोड्या वेळानं सरांनी मलाच ऑफिसात बोलावलं. हुकाला जुना पंखा दिसला तर फोटो परत येईल, ते काही जमायचं नाही, पण तिचा पंखा लिलावात न टाकता तिला घरी नेऊ देईन, असं ते म्हणाले. इथपर्यंत ठीक. पण ती घरी न्यायला तयार नाही, तेव्हा तुम्ही तिला जरा समजावून सांगा, म्हणाले. घ्या! वायरिंग माझ्याकडे, समजावणंही माझ्याकडे.

किचनशेडमध्ये ती मोठ्या गंजात भात हलवत होती. मी म्हटलं, ताई, पंखा चांगला आहे, कंडेन्सर मी नवा टाकून देतो, घरी न्या. तिनं हलवणं थांबवलं नाही.

"घरी मी एकटी," ती म्हणाली. "तिथं कोनाले वारा घालन तो?"

मी म्हटलं, घरी निदान नाव तरी डोळ्यांसमोर राहील, इथं फिरत्या पंख्यावरचं कोण वाचतं?

"वाचाले कायले पायजे, भाऊ? तिच्या हातचा वारा पोरायले लागून राह्यला ना. मले तेवढंच पायजे."

मला राग आला. तिचा आला, सरांचा आला, त्या फोटो मागणाऱ्या न दिसणाऱ्या माणसाचाही आला. पण पंखा मी उतरवला. सातवीत नवा चढला, पांढराशुभ्र, रिमोटवाला. सरांनी लगेच फोटो काढला. बाई त्या दिवशी परत त्या खोलीकडे फिरकली नाही आणि मी जेवायचं टाळून निघून आलो, कारण भात तिच्याच हातून घ्यावा लागला असता.

दुसऱ्या दिवशी उरलेल्या खोल्या करता करता दुपार झाली. सरांनी बळंच जेवायला बसवलं. पोरं व्हरांड्यात रांगेनं बसतात, मी रांगेच्या शेवटी. वर टिनाचं छप्पर, मार्चचं ऊन, घाम सरळ ताटात. दोन-तीन पोरं एका हातानं खात होती आणि दुसऱ्या हातानं वहीनं वारा घेत होती. मी वर बघितलं. टिनाखाली जाडजूड लोखंडी पाइप आडवा गेलेला, त्याला पंखा नाही. कधीच नव्हता.

मी खरकट्या हातानंच उठलो आणि सरांना विचारलं, व्हरांड्याचा फोटो पाठवायचा आहे का? ते जरा गोंधळले. नाही म्हणाले, खोल्यांचेच मागितलेत. मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "मी व्हरांड्याकडे पाह्यत नसतो." आणि ऑफिसात जाऊन बसले.

आता खरी गंमत. शिपाई अतिशय टापटिपीचा. त्यानं कोठीत सगळ्या पंख्यांची पाती सोडवून, एकावर एक रचून, सुतळीनं करकचून गठ्ठा बांधला होता. नावाचं पातं सापडलं. 'आई'चं सापडलं. पण 'स्मरणार्थ' मात्र ढीगभर. पेंटर एक, रंग एक, वळण एक. बाईला मी बोलावून घेतलं होतं, ती माझ्या मागं उभी होती. मी डोक्याला हात लावला. ती म्हणाली, "स्मरणार्थ तं सगळ्यायचं सारखंच राह्यते, भाऊ. लावा कोनतंबी."

मी तिला सांगितलं, तसं नसतं, एका पंख्याची तिन्ही पाती एका वजनाची असतात, दुसऱ्याचं लावलं तर पंखा डोलतो. मग एकेक पातं लावून पाहत बसलो. शेवटी जे लावलं त्यावर पंखा अगदी थोडा डोलतो आणि टकटक करतो. ते तिच्याच पंख्याचं होतं की कोणाच्या आजोबांचं, मला अजून सांगता येणार नाही. हूक मात्र मी पाइपला असा आवळला आहे की हत्ती लटकला तरी चालेल.

त्याच्या पुढच्या दुपारी पोरं जेवायला बसली. बटण मी तिला दाबायला सांगितलं, तर ती म्हणाली, हात खरकटे आहेत, तुम्हीच दाबा. पंखा फिरला. पोरांनी एकच ओरडा केला आणि खालच्या जागेसाठी ढकलाढकली सुरू झाली. बाईनं वर पाहिलंसुद्धा नाही, वाढत राहिली. माझ्या मनाला थोडं लागलं, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात लाइट गेली. आमच्या लाइटला वेळकाळ कळत नाही. पंखा हळूहळू थांबला आणि लाल अक्षरं दिसायला लागली. पहिली-दुसरीतली एक पोरगी, नुकतीच वाचायला शिकलेली, दिसेल ते मोठ्यानं वाचणारी. तिनं मान वर करून एकेक अक्षर जुळवत ते नाव वाचलं आणि विचारलं, "मावशी, हे कोन व्हय?"

मोठी पोरं ताटात बघायला लागली. बाईचा हात बादलीत थांबला.

"माही पोरगी."

"कितवीत हाये?"

"सातवीत."

पोरीनं सातवीच्या रांगेकडे वाकून पाहिलं. "मंग जेवाले काऊन नाई आली?"

"तुमाले वारा घालून राह्यली ना ते," बाई म्हणाली. "लाइट येऊ दे." आणि तिनं पुढच्या ताटात भात वाढला.